छोट्या धावपट्टीची दुरुस्ती: आधी पाण्याला वाट द्या, मग डांबराचं बघा

छोट्या धावपट्टीचं काम निघालं की टेंडरमध्ये पहिली ओळ डांबराच्या नवीन थराची असते, इतके सेंटीमीटर, इतके चौरस मीटर, आणि ड्रेनेज कुठंतरी शेवटच्या पानावर "गटार साफसफाई" म्हणून एकरकमी टाकलेलं असतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार आहे. आपल्या नाशिक पट्ट्यातल्या काळ्या जमिनीवर छोटी धावपट्टी विमानांच्या वजनाने फारशी खराब होतच नाही, दिवसाला चार-सहा ट्रेनर विमानं उतरली तर त्यांचं वजन ते काय. ती खराब होते खालून मुरलेल्या पाण्याने आणि वरून तापणाऱ्या उन्हाने. म्हणून हा सगळा लेख एकाच क्रमाने लिहिलाय, आधी पाणी, मग पाया, मग डांबर, आणि हा क्रम उलटा करायचा मोह कुठल्याही बजेटला होऊ देऊ नका.

ओझरची धावपट्टी विमानं बनवणाऱ्या एचएएल कंपनीची, ३ किलोमीटर लांब, तिचं प्रकरण वेगळं. इथं बोलतोय ते जिल्ह्याजिल्ह्यातल्या छोट्या पट्ट्यांबद्दल, हजार-बाराशे मीटर लांब, २३ किंवा ३० मीटर रुंद, फ्लाइंग स्कूल, कधीमधी चार्टर, कधी एअर अँब्युलन्स. अशा पट्टीची जबाबदारी ज्या इंजिनिअरच्या टेबलावर येते त्याने आयुष्यभर रस्ते केलेले असतात, एअरपोर्टचं काम पहिल्यांदाच, त्याच्यासाठी हे.

पावसाळ्यात पट्टीवर चाला

सर्व्हे डिसेंबरात करून काही कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चांगला सडाका येऊन गेला की लगेच इन्चार्जची परवानगी घेऊन, विमानं बंद असताना, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. सोबत स्प्रे पेंट, टेप आणि मोबाईल. पाऊस थांबून अर्धा-पाऊण तास झाला तरी जिथं पाणी साचलेलंय तिथं डबक्याभोवती पेंटने रेघ मारा, चेनेज (पट्टीच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहा, मध्ये स्टीलची पट्टी उभी करून खोली मोजा. चाकाच्या ओळीत साचलेलं पाणी सगळ्यात घातक, कारण टायर आणि डांबराच्या मध्ये पाण्याचा थर राहिला की ब्रेक लागत नाही, आणि दोन बाजूंना पाणी कमीजास्त असलं तर विमान एका बाजूला ओढलं जातं.

आता कडेला या. इथं एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जुन्या पट्टीवर दिसेल. डांबराच्या कडेला लागून गवत वाढलेलं असतं, वर्षानुवर्षं उडालेली धूळ त्या गवताच्या मुळांत अडकत जाते आणि मातीची कड डांबरापेक्षा दोन-तीन बोटं उंच होऊन बसते. लांबून बघितलं तर छान हिरवी किनार वाटते, पण जवळ बसून बघा, डांबराची शेवटची फूट-दीड फूट पट्टी ओली असते, शेवाळ धरलेलं असतं, आणि तिथंच आडव्या-उभ्या भेगा पडलेल्या असतात. पट्टीवरून वाहून आलेलं पाणी त्या कडेला अडतं आणि भेगांतून थेट खाली पायात जातं. निम्मा आजार इथंच आहे, आणि उपाय सगळ्यात स्वस्त आहे, ग्रेडर लावून ती कड खरडून काढायची.

भेगेवरून जीप हळू चालवून बघा. चाक गेल्यावर भेगेतून गढूळ पाणी, बारीक चिखल वर आला तर समजा खालचा थर पाण्याने भरलाय आणि त्यातलं बारीक वाहून चाललंय, अशा जागी वरून कितीही जाड थर टाका, टिकणार नाही.

भेगांचे प्रकारही वेगळे लिहा. मोठ्या चौकोनी भेगा म्हणजे डांबर म्हातारं झालंय, उन्हाने कडक पडलंय, कमी वापराच्या पट्ट्यांवर हेच जास्त. चाकाच्या ओळीत जाळीसारख्या बारीक भेगा म्हणजे पाया गेलाय. कडेपासून मीटर-दोन मीटर आत, कडेला समांतर लांबच लांब भेग गेली असेल तर ती काळ्या मातीची करामत, तिच्याबद्दल पुढे. आणि खडी सुटतेय का ते हाताने घासून बघाच. रस्त्यावर सुटी खडी म्हणजे फार तर काच फुटेल, इथं तोच खडा प्रोपेलर ओढून घेतो. २००० साली पॅरिसला कॉन्कॉर्ड पडलं ते धावपट्टीवर पडलेल्या एका धातूच्या पट्टीने टायर फाटल्यामुळे, म्हणून एअरपोर्टवाले सुट्या खड्याला एवढे घाबरतात आणि ते बरोबरच आहे. हे सगळं निरीक्षण एका आकड्यात बसवायला एएसटीएम डी ५३४० या मानकातली पीसीआय (पृष्ठभागाच्या अवस्थेचा निर्देशांक) पद्धत आहे, ० ते १०० मार्क. निधी मागताना हा आकडा उपयोगी पडतो, पण कुठं काय करायचं ते आकडा सांगत नाही, तुमचा पेंट केलेला नकाशा सांगतो.

खाली काय आहे ते उघडून बघा

नाशिक जिल्ह्याचं एक विशेष म्हणजे पश्चिमेला इगतपुरीत ३००० मिमीच्या वर पाऊस आणि पूर्वेला निफाड-येवल्याकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे एका जिल्ह्याचा सरासरी पाऊस धरून डिझाईन करणं निरर्थक आहे, जवळच्या केंद्राचा डेटा हवामान खात्याकडून घ्या. आणि पाऊस कमी म्हणून पूर्वेकडे निश्चिंत राहू नका, तिथं काळी माती खोल आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते सगळ्यांनी बघितलेलंय. पट्टीखाली मधल्या भागात माती वर्षभर सारख्या ओलीची राहते, पण कडेची माती पावसाळ्यात वर येते आणि उन्हाळ्यात खाली बसते, त्या दोन्हीच्या मध्ये डांबर तुटतं, तीच ती कडेला समांतर भेग.

तपासणी अशी करा. दर १०० मीटरला, डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून, डांबराचा कोअर (ड्रिलने काढलेला गोल नमुना) काढा. कोअर हातात घेतला की बरंच कळतं, वरचे दोन इंच धड आणि खालचा थर काढताना मोकळी खडी होऊन हातात आला, खडीवरचं डांबर धुऊन गेलेलं दिसलं, तर पाणी थरांच्या मध्ये शिरलंय. शिवाय कडेला चार-पाच ठिकाणी मीटर-दीड मीटर खोल खड्डे घ्या आणि मातीची फ्री स्वेल टेस्ट, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ती, आयएस २७२० भाग ४० प्रमाणे, आणि सीबीआर, म्हणजे मातीच्या भार पेलायच्या ताकदीची टेस्ट, चार दिवस पाण्यात भिजवून. भिजवल्याशिवाय सीबीआर घेऊन काळ्या मातीवर डिझाईन करणारे अजून आहेत, तसं करू नका, आपल्याकडच्या काळ्या मातीचा भिजलेला सीबीआर पुष्कळदा २ ते ४ टक्केच निघतो. फ्री स्वेल ५० टक्क्यांच्या वर गेला तर माती चांगलीच फुगणारी आहे असं धरा.

अजून एक, मुरमाचा किंवा जुन्या डब्ल्यूबीएमचा (पाणी मारून दाबलेल्या खडीचा) थर पाणी पास करतो का ते बघा. जुन्या कामात खडीच्या फटी भरायला मातीमिश्रित मुरूम वापरलेला असतो, तो पाणी धरून ठेवतो. असा थर असेल तर कडेला कितीही छान सबसॉइल ड्रेन (जमिनीखालचा भोकांच्या पाईपचा निचरा) घाला, पाणी त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

लेव्हल घ्यायचं काम स्वस्तात उरकू नका. दर १० मीटरला एक क्रॉस सेक्शन, त्यात मध्यरेषा, दोन्ही चाकाच्या ओळी, दोन्ही कडा आणि कडेपासून बाहेर गवताच्या पट्ट्याची जमीन नाल्यापर्यंत. या लेव्हल नसतील तर पुढचं काहीच नीट ठरत नाही.

उतार आणि पाण्याचा हिशोब

आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संस्थेच्या नियमात, आणि आपल्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) सीएआर नियमावलीतही त्याच धर्तीवर, धावपट्टीचा आडवा उतार मोठ्या विमानांसाठी १.५ टक्के आणि छोट्या, म्हणजे ए-बी अक्षराच्या (हे अक्षर मुख्यतः पंखांच्या पसाऱ्यावरून ठरतं) विमानांसाठी २ टक्क्यांपर्यंत चालतो, आणि १ टक्क्यापेक्षा कमी सहसा नको. जुन्या पट्ट्या बसून बसून ०.७-०.८ टक्क्यावर आलेल्या असतात. समजा तुमची पट्टी १२०० बाय ३० मीटर आहे, उतार ०.८ टक्के भरतोय आणि तुम्हाला १.५ हवाय. कडेपासून मध्यापर्यंत १५ मीटर, म्हणजे मध्याला साडेबावीस सेंटीमीटर उंची पाहिजे आणि आहे फक्त १२. मध्यावर साडेदहा सेंटीमीटर, कडेला शून्य, सरासरी सव्वापाच सेंटीमीटर, क्षेत्र ३६,००० चौरस मीटर, म्हणजे नुसत्या दुरुस्तीच्या थराचं १८९० घनमीटर, साधारण साडेचार हजार टन मिक्स. हा आकडा एस्टिमेटमध्ये आधीच दिसला पाहिजे, नाहीतर काम सुरू झाल्यावर "उतार आहे तसाच ठेवा, फक्त थर टाका" असा फोन येतो आणि नवीन काळ्याभोर पट्टीवर जुनीच डबकी परत दिसतात.

आता पाणी किती येणार ते. रॅशनल फॉर्म्युला पुरेसा आहे, सी गुणिले आय गुणिले ए भागिले ३६०, सी म्हणजे पडलेल्या पाण्यातला वाहून जाणारा हिस्सा, ए म्हणजे क्षेत्र हेक्टरमध्ये, आय म्हणजे पाऊस ताशी मिमीमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. उदाहरणापुरता पाऊस ताशी ८० मिमी धरूया, तुमचा खरा आकडा पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाच्या हिशोबाने काढा. एका बाजूला निम्मी पट्टी म्हणजे १.८ हेक्टर डांबर, सी ०.९, पाणी ०.३६. त्याच्या बाहेर २५ मीटर गवताचा पट्टा, ३ हेक्टर, सी ०.४, पाणी ०.२७ च्या जवळ. एकूण सेकंदाला ६३० लिटरच्या आसपास, एका बाजूला. तळ ६० सेंमी, बाजूंचा उतार दीडास एक, काँक्रीट लाइनिंग आणि ३०० मीटरला ९० सेंमी ढाळ असलेला नाला हे पाणी ४० सेंमी खोलीत वाहून नेतो, वर १५ सेंमी मोकळी ठेवली की झालं. तोच नाला मातीचा आणि गवताळ ठेवला तर क्षमता निम्मी किंवा त्याहून कमी होते, मग रुंदी वाढवा. बाहेरच्या शेतातलं, टेकडीवरचं पाणी तुमच्या हद्दीत येत असेल तर ते या हिशोबात मिसळू नका, हद्दीवरच वेगळा चर मारून बाहेरच्या बाहेर वळवा.

नाला कुठं घ्यायचा इथं रस्त्याची सवय आडवी येते. रस्त्याला आपण डांबराच्या कडेलाच गटार काढतो, इथं ते अजिबात चालत नाही. विमान कडेवरून घसरलं तर चाक जमिनीवरून सरळ चालत जाऊन थांबलं पाहिजे, म्हणून कोड २ च्या पट्टीला (हा कोड आकडा लांबीवरून ठरतो) मध्यरेषेपासून ४० मीटर, कोड ३ ला इन्स्ट्रुमेंट, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरायची पट्टी असेल तर ७५ मीटर एवढा भाग सपाट, दबाई केलेला लागतो. उघडा नाला त्याच्या बाहेर. आत काही घालायचंच असेल तर झाकलेलं आणि विमानाचं वजन पेलणारं, मॅनहोलचं झाकणही जमिनीच्या पातळीत. कडेपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन बाहेरच्या बाजूला ५ टक्क्यांपर्यंत उतरती ठेवता येते, ही सवलत पुरेपूर वापरा, कारण गवत वाढून कड परत उंच व्हायला मग बरीच वर्षं लागतात. डांबराच्या कडेला जमीन तीनेक सेंटीमीटर खाली ठेवा, पण चार सेंटीमीटरच्या पुढे पायरी पडू देऊ नका.

सबसॉइल ड्रेन जिथं खालचा थर पाणी पास करतो आणि चिखल वर येतोय तिथंच. डांबराच्या कडेला चर, तळ पायाच्या थराच्या साधारण ३० सेंमी खाली, नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाईल (माती अडवून पाणी सोडणारं कापड), २० मिमीची धुतलेली खडी, १५० मिमीचा भोकांचा पाईप, किमान २०० मीटरला १ मीटर ढाळ. चराचं तोंड वरून मातीने घट्ट बंद करा, नाहीतर वरचं पाणीच त्यात शिरतं. दर ६०-७० मीटरला साफ करायला तोंड ठेवा आणि शेवटच्या तोंडाला जाळी, कारण उंदीर-घुशी आत घर करतात. तोंडाजवळ काँक्रीटचा छोटा हेडवॉल बांधून त्यावर चेनेज रंगवा, दोन पावसाळ्यांत गवतात ती तोंडं कुणालाही सापडत नाहीत आणि तुंबलेला ड्रेन नसलेल्या ड्रेनपेक्षा वाईट, तो पाणी पायाशी आणून ठेवतो.

शेवटी पाणी जातं कुठं हा प्रश्न पेपरवर राहतो आणि पहिल्या पावसात बांधावर भांडण होतं. पूर्वेच्या भागात हद्दीला लागून द्राक्षबाग असेल आणि तुमचा नवा नाला सगळं पाणी एका जागी बागेच्या डोक्याला आणून सोडत असेल तर शेतकरी गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. गट नकाशावर नैसर्गिक नाला कुठून जातो ते तलाठ्याकडून बघून घ्या, तिथपर्यंत पाणी नेण्याचा खर्च कामातच धरा, तोंडाशी दगडी पिचिंग करा. पाणी अडवायला तळं करण्याचा विचार असेल तर ते पावसानंतर ४८ तासांत रिकामं झालं पाहिजे. नांदूर मध्यमेश्वर, राज्यातली पहिली रामसर जागा, निफाड तालुक्यातच आहे, या भागात पाणी दिसलं की पक्षी उतरतातच. बगळे, टिटव्या गवतात आणि खडीवर बसतात आणि टेक-ऑफच्या वेळी उठतात.

मग डांबर

पट्टीचे तुकडे पाडा, सगळीकडे एकच उपाय लावू नका. नुसतं म्हातारं झालेलं, चौकोनी भेगांचं, पण खाली कोअर धड, तिथं मिलिंग करून, म्हणजे मशीनने जुना थर खरवडून, नवीन थर. जाळीच्या भेगा आणि चिखल, तिथं पूर्ण खोदाई, काळी माती निघेल तितकी काढून चांगल्या मुरमाने भरा किंवा चुन्याने स्थिर करा, चुन्याचं प्रमाण लॅबमध्ये ठरवा, साधारण ३ ते ६ टक्क्यांत बसतं. कडेची समांतर भेग असेल तिथं शोल्डर (डांबराबाहेरची बाजूपट्टी) पक्कं करून पाणी आत जाणं थांबवा, आणि जवळ मोठी झाडं असतील तर त्यांची मुळं उन्हाळ्यात माती कोरडी करतात हेही लक्षात घ्या.

जुन्या भेगांवर सरळ नवीन थर टाकला तर भेग वर येतेच, ढोबळमानाने वर्षाला एक इंच वर सरकते असं धरतात. ५ सेंमीचा थर टाकून दहा वर्षं निघतील अशी अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे. आधी भेगा साफ करून भरा, रुंद असतील तर दोन्ही बाजूंनी कापून पॅच करा. मिलिंग करताना कोअरची जाडी बघा, ७ सेंमी जुनं डांबर असेल आणि तुम्ही ५ काढलं तर उरलेला २ सेंमीचा पापुद्रा पेव्हरच्या (डांबर पसरायच्या मशीनच्या) खाली सुटून येतो, त्यापेक्षा सगळंच काढा.

मिक्ससाठी व्हीजी-३० ग्रेडचं डांबर असेल तर पेव्हरच्या मागे १४० अंशांच्या खाली माल स्वीकारू नका, व्हीजी-४० ला १५०. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास येतो, सकाळी सातला टाकलेला माल रोलर पोचेपर्यंत गार होतो, त्यामुळे हिवाळ्यात नऊ-दहानंतरच सुरुवात करा. मार्चमध्ये अवकाळीचा काही भरवसा नसतो, द्राक्षवाल्यांना विचारा. माझ्या मते डांबराचं मुख्य काम फेब्रुवारीत संपवायचं असं वेळापत्रक लावावं आणि नाले त्याच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात. पाण्याने डांबर सुटू नये म्हणून फिलरमध्ये हायड्रेटेड चुना वापरा आणि टीएसआर टेस्ट (भिजवल्यावर मिक्सची ताकद किती टिकते ती) ८० टक्क्यांच्या वर आल्याशिवाय मिक्स मंजूर करू नका.

पट्ट्यापट्ट्यांनी टाकलं की जोड येतात आणि पुढं सगळ्यात आधी जोडच उघडतो. जमलं तर दोन पेव्हर थोडं पुढेमागे चालवून गरम जोड घ्या, नाही जमलं तर थंड कड कापून टॅक कोट (चिकटवायचा पातळ डांबराचा हात) लावा, आणि घनतेचा कोअर जोडावरही घ्या, ठेकेदार नेहमी मधलाच दाखवतो. तयार थरावर ३ मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसायला नको, आणि पृष्ठभागाचा पोत सँड पॅचने (वाळू पसरून खोली मोजायची टेस्ट) सरासरी १ मिमी तरी यायला हवा. विमानं उभी राहतात आणि इंधन भरतात त्या एप्रनवर डांबर नको, सांडलेलं इंधन डांबर विरघळवतं, तिथं काँक्रीट आणि इंधनाला टिकणारा जॉइंट सीलंट.

पट्टी चालू ठेवून तुकड्यातुकड्यात काम करण्यापेक्षा छोट्या पट्टीसाठी सलग काही आठवडे पूर्ण बंद ठेवणं मला योग्य वाटतं, काम चांगलं होतं आणि धोका कमी. डीजीसीएला आगाऊ कळवा, नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) वेळेत काढा, विनापरवाना पट्टी असली तरी तिथं उतरणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला लेखी द्या, आणि बंद भागावर क्रॉस रंगवा. उघडण्याआधी झाडू मशीन आणि त्यानंतर माणसांची एक ओळ चालवा, खडे हाताने वेचायचे. पक्कं मार्किंग महिनाभराने, तोवर पातळ हात, कारण ताज्या डांबराचं तेल वर येऊन पांढरा रंग पिवळा पडतो. पट्टीची ताकद बदलली असेल तर नवीन आकडा पीसीआर (पट्टी किती वजन पेलते ते सांगणाऱ्या) पद्धतीने कळवा, जुनी पीसीएन पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली.

देखभालीची वेगळी ओळ बजेटमध्ये दरवर्षी पाहिजे. मे महिन्यात नाले, सबसॉइल ड्रेनची तोंडं आणि मोऱ्या साफ, कडेची माती परत वर आली असेल तर खरडायची. गवत पावसाळाभर कापायचं आणि कापलेलं उचलून न्यायचं, तिथंच सोडलं तर सगळं नाल्यात जातं. भेगा भरायचं काम डिसेंबर-जानेवारीत काढा, थंडीत भेगा उघडलेल्या असतात आणि आत कोरडं असतं, पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या भेगेत भरलेलं सीलंट पहिल्याच उन्हाळ्यात निघून येतं.